न मावलेला तुकडा

अकरा माणसं जास्त आली. नव्या कंपनीकडून आलेली बाई माझ्या टेबलाशी उभी होती, तिच्या हातात दोन कागद होते, आणि छत्री विसरलात का असं विचारावं तितक्या सहज तिने विचारलं की तुमच्या यादीत दोन हजार एकशे सहा आहेत आणि आमच्या यादीत दोन हजार पंच्याण्णव, तर ही अकरा माणसं कोण? हॉस्पिटलची जुनी यंत्रणा शुक्रवारी बंद व्हायची होती आणि तो मंगळवार होता. तीन आठवडे आमचं हेच चाललं होतं: एक रिपोर्ट जुन्यातून काढायचा, तोच नव्यातून काढायचा, आकडे जुळले की खूण करून पुढे जायचं. शंभरावर रिपोर्ट जुळले होते. जुन्यातले बहुतेक माझ्या हातचे, त्यामुळे प्रत्येक जुळलेल्या आकड्यागणिक मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत होतो, आणि मला मिशी नाही. मी बाईंना म्हटलं, तुमच्याकडेच काहीतरी राहिलं असेल. हे वाक्य माझ्या तोंडून सवयीने येतं, समोरचा काय सांगतोय ते पुरतं ऐकायच्या आधी. त्या नुसत्या हसल्या. मग मी विचारलं, आमचा रिपोर्ट काढताना विभागांच्या चौकटीत 'सर्व'वर खूण केली होती ना? त्या म्हणाल्या, "नाही, एकेक केले. एक्केचाळीस. 'सर्व' म्हटलं की त्यात कोण आलं नि कोण राहिलं ते मला दिसत नाही." जवळपास हेच शब्द मी एकोणीस वर्षांपूर्वी मावशीच्या तोंडून ऐकले होते, ह्याच रिपोर्टबद्दल.

आमच्या कामाबाहेरच्या माणसाला हे समजावणं सोपं नाही असं आम्ही म्हणतो, पण मावशीला मी ते एका दुपारी समजावलं होतं आणि तिला लगेच कळलं होतं, तेव्हा ते फारसं अवघडही नसावं. रिपोर्टच्या पडद्यावर चौकटी असतात. विभाग कुठला, तारीख कुठून कुठवर, पत्ता आहे की नाही, फेरतपासणीला येऊन गेला की नाही. तुम्ही खुणा करता. कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न आधीपासून लिहून ठेवलेला नसतो. प्रत्येक खुणेमागे एक तुकडा असतो, आणि ते तुकडे एकापुढे एक जोडत जाऊन प्रश्नाचं लांबलचक वाक्य तयार होतं. सुरुवातीला आम्ही 'एक बरोबर एक' अशी एक अट घालतो. ती कायमच खरी असते, तिचा उपयोग एवढाच की पुढचा प्रत्येक तुकडा डोळे मिटून 'आणि' लावून जोडता येतो. मावशी ह्यावर खूप हसली होती. म्हणाली, म्हणजे बोलायला सुरुवात करताना 'काय आहे ना' म्हणतात तसं. खुणा माणसाला दिसतात, उत्तर माणसाला दिसतं, मधलं वाक्य मात्र कुणी बघत नाही. म्हणून आकडा चुकला की तर्क लढवत बसायचं नसतं. ते तयार झालेलं वाक्य जसंच्या तसं छापायचं आणि त्याच्यावर बोट ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. मी हे कामावर नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगत आलोय, आणि सांगताना माझा आवाज जरा चढलेलाच असतो.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात तिची सव्वीस वर्षं झाली होती. तिथे तिला सगळे पुन्हाबाई म्हणायचे, कारण कुठलाही कागद हातात दिला की ती 'पुन्हा एकदा वाचा बरं' म्हणायची, मग समोर शिपाई असो की मोठा सर्जन. ह्या हॉस्पिटलात मला चिकटवलं तिनेच. अधीक्षकांना जाऊन म्हणाली होती, भाचा हुशार आहे, आळशी आहे, पण हुशार आहे. अधीक्षकांनी ते मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. माझ्या आईला त्यातला आळशी शब्द लागला होता आणि दोघी बहिणी त्यावरून चार दिवस एकमेकींशी तुटक बोलत होत्या. पाचव्या दिवशी मावशी नेहमीसारखी आली, चपला काढता काढताच गप्पांना सुरुवात झाली आणि प्रकरण मिटलं. त्यांची भांडणं अशीच असायची. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एक उभी, दुसरी खाली स्टुलावर, आणि दोघी एकाच वेळी बोलताहेत, हे दृश्य मला घराचा भाग वाटायचं. घरात खिडकी असते तसं.

फेरतपासणीच्या पत्रांचा हा रिपोर्ट मी पहिल्या वर्षीच केला. उपचार होऊन सहा महिने झाले आणि माणूस पुन्हा फिरकला नाही तर त्याच्या घरी पत्र जायचं: आपण तपासणीसाठी आला नाहीत, आठ दिवसांत यावे. पत्रं मावशी काढायची. मी तिला म्हटलं, एकोणचाळीस खुणा कशाला करत बसतेस, 'सर्व' म्हण आणि मोकळी हो. ती म्हणाली, "सर्व म्हणजे कोण? मला नावं दिसायला हवीत." शेवटची चौकटही तिच्याच सांगण्यावरून मी घातली. मधल्या काळात वारलेल्यांना पत्र जायला नको, ती म्हणाली, ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे आपलं 'आठ दिवसांत यावे' जाऊन पडलं तर त्यांना काय वाटेल. मी 'मृत वगळा' अशी चौकट केली आणि तिचा तुकडा वाक्याच्या अगदी शेपटाला जोडला, कारण ती सगळ्यात शेवटी सुचली होती. मावशीने त्या दिवशी माझं कौतुक केलं. कौतुक करताना ती माझ्या डोक्यावर टपली मारायची, मी सत्तावीस वर्षांचा होतो तरी.

आणि मग ते झालं. एकशे त्रेसष्ट पत्रं गेलेल्या माणसांच्या घरी गेली. बाकीची हजारभर बरोबर ठिकाणी गेली, पण त्यांचं कोण काय बोलतं. काही जणांनी फोन केले, शिव्या दिल्या, एकाने पत्र फाडून तुकडे पाकिटात घालून परत पाठवले. ह्या सगळ्याला मावशी पुरून उरली असती. पण एक म्हातारा माणूस आला. मावशी काउंटरवर होती, मी मागच्या टेबलाशी प्रिंटरचा कागद बसवत होतो. त्याचा सदरा इस्त्रीचा होता, केस नीट विंचरलेले होते आणि हातात ते पत्र होतं. तो भांडायला आला नव्हता. त्याने पत्र काउंटरवर सरळ करून ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "हिला कधी आणू?" मावशीने नाव वाचलं, फाईल काढली, फाईल बघितली. त्याची बायको ह्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, चार महिन्यांपूर्वी गेली होती आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. पण हॉस्पिटलनेच बोलावलंय म्हटल्यावर त्याचा कशावर विश्वास बसला होता देव जाणे. मावशी काउंटरच्या बाहेर गेली, त्याला बाकावर बसवलं आणि तासभर त्याच्याजवळ बसून राहिली. परत आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आणि प्रिंटरकडे वळलो.

चौकशी झाली. तीन माणसं, एक लांब टेबल, पाण्याचे ग्लास झाकलेले. मावशी म्हणत राहिली, मी 'मृत वगळा'वर खूण केली होती. ती चौकट मीच मागून घेतली, मी तीच विसरेन का? त्यांनी मला विचारलं, यंत्रणेत दोष आहे का? मी आदल्या दिवशी तपासलं होतं. 'सर्व'वर खूण, 'मृत वगळा'वर खूण, रिपोर्ट काढला, त्यात एकही गेलेला माणूस नव्हता. तीनदा काढला, तिन्ही वेळा नव्हता. मी म्हटलं, यंत्रणा बरोबर आहे. एवढंच बोललो. मावशीवर मी ठपका ठेवला नाही, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला बजावलंय. मी फक्त यंत्रणेबद्दल बोललो. पण दोनच शक्यता असताना त्यातली एक पुसली की दुसरीचं नाव घ्यायची गरज उरत नाही, हे न कळण्याइतका मी दुधखुळा नव्हतो. बाहेर आल्यावर जिन्यात तिने मला थांबवलं. म्हणाली, "मी जशी रोज करते तशी तुझ्यासमोर करून दाखवते. तू नुसता शेजारी बस." मी म्हटलं, मावशी, आता कशाला, तपासलंय मी. त्या महिन्यात मी नोकरीत कायम व्हायचा होतो. माझं पत्र अधीक्षकांच्या सहीसाठी गेलं होतं. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली.

तर मंगळवारी ती बाई निघून गेल्यावर मी ते वाक्य छापलं. छापायची ओळ तिथेच होती, मीच कधीकाळी लिहिलेली आणि पुढे दोन आडव्या रेघा मारून झोपवून ठेवलेली; अशा रेघा असल्या की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो. त्या रेघा काढल्या, एक्केचाळीस खुणा एकेक करून केल्या, शेवटची 'मृत वगळा' केली, आणि कागद बाहेर आला. दाट छापलेलं पान. मी बोट ठेवून वाचत गेलो. एक बरोबर एक. आणि हा विभाग किंवा तो विभाग किंवा तो. आणि तारीख. आणि पत्ता. आणि फेरतपासणी झालेली नाही. पुढे कोरा कागद. मृतांची अट नव्हती, म्हणजे ती अकरा माणसं गेलेल्यांतली होती. मी पुन्हा एकदा वाचलं. मग वाक्य जिथे शिवलं जातं त्या जागी गेलो, तुकडा जोडणाऱ्या ओळींपाशी, आणि तिथे तीन ओळी होत्या. वाक्य ठेवायला मी चार हजार अक्षरांची जागा दिली होती. ह्या तीन ओळी म्हणत होत्या: नवा तुकडा जोडून चार हजारांच्या वर जात असेल, तर तो जोडू नकोस, गप्प पुढे जा. त्यांच्या डोक्यावर टीप होती, 'तात्पुरतं. नंतर बघू.' पुढे तारीख आणि माझी आद्याक्षरं. मी बेरीज केली. मावशीचं पूर्ण वाक्य चार हजार एकतीस अक्षरांचं होत होतं. एकोणचाळीस विभाग होते तोवर ते आरामात मावायचं. त्या महिन्यात दोन नवे विभाग सुरू झाले होते आणि तिने त्यांच्यावरही खूण केली होती, एकही न सोडता.

त्या ओळी का लिहिल्या तेही मला आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांच्याआधी काय व्हायचं की वाक्य लांबलं की मध्येच तुटायचं, आणि तुटक्या वाक्यावर कॉम्प्युटर पडद्यावर तांबड्या अक्षरांत बोंब मारायचा. एकदा साहेबांसमोर तसं झालं. साहेब म्हणाले, हे तांबडं मला परत दिसता कामा नये. म्हणजे खरं तर ते म्हणत होते की हा दोष काढ. मी ऐकलं ते एवढंच की तांबडं दिसायला नको. जागा वाढवायची तर पन्नास ठिकाणी बदल करावे लागले असते. तीन ओळींत भागलं. बोंब बंद झाली, दोष तसाच राहिला, आणि त्याला आता आवाजही नव्हता. मी तपासलं ते 'सर्व'वर खूण करून, कारण मी आळशी. 'सर्व'चं वाक्य आखूड, त्यात सगळे तुकडे मावतात. जो जितकी काळजी घेईल तितकं त्याचं वाक्य लांब, आणि वाक्य लांबलं की शेवटची अट गळणार. मावशीनंतर त्या जागी जे जे आले त्यांनी 'सर्व'च वापरलं. एकोणीस वर्षांत पुन्हा एकदाही तसं झालं नाही, आणि लोक म्हणायचे, बघा, ती गेल्यापासून एक चूक नाही. मीसुद्धा म्हटलंय हे. एकदा, चहा पिताना.

मला तेव्हा ठाऊक होतं का? मंगळवारपासून मी ह्याच एका प्रश्नाभोवती घिरट्या घालतोय. नव्हतं, असं म्हणता येतं. आठ महिन्यांपूर्वी लिहिलेल्या तीन ओळी माणूस विसरतो, मी कालचं विसरतो. पण मग मी वाक्य का छापलं नाही? आकडा चुकला की आधी छापायचं, हे मी तेव्हाही करायचो; साध्या औषधांच्या यादीत दोनचा फरक आला तरी छापायचो. एकशे त्रेसष्टचा फरक आला आणि त्या दिवशी मी तीनदा रिपोर्ट काढला, तीनदा आकडा बघितला, आणि त्या दोन रेघा काढल्या नाहीत. माझा हात तिथवर गेला होता हेही मला आठवतं, की आता आठवल्यासारखं वाटतंय? खिडकीतून ऊन येत होतं, पडद्यावर बोटांचे ठसे दिसत होते, ते मी बाहीने पुसले. पुसत बसलो. मला माहीत नव्हतं हे खरं आहे, आणि मला माहीत करून घ्यायचं नव्हतं हेही खरं आहे. त्या दुसऱ्या खऱ्याला कुठल्या चौकशीत कोणी विचारत नाही. मला त्याची लाज वाटते, आणि एकोणीस वर्षांनी वाटतेय ह्याची जास्त.

मावशीला तळघरात जुन्या फायलींच्या खोलीत पाठवलं. दोन महिने ती तिथे बसली आणि मग निवृत्तीला चार वर्षं असताना राजीनामा देऊन घरी गेली. घरी आईने माझी बाजू घेतली. आई वाईट नव्हती. तिला वाटलं, एवढं काय त्यात, सव्वीस वर्षांत एकदा राहिली असेल खूण करायची, कबूल करून टाकावं म्हणजे विषय संपेल. ती बहिणीला तसं म्हणाली. मावशी ओट्याला टेकून उभी होती, ती म्हणाली, म्हणजे मी खोटं बोलते. आई म्हणाली, म्हणजे काय माझा मुलगा खोटं बोलतो? मी बाहेरच्या खोलीत होतो. मधे फक्त एक पडदा होता. पडदा सरकवून मी आत जाऊ शकलो असतो, निदान 'मी पुन्हा बघतो' एवढं म्हणू शकलो असतो. मी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर मावशी आमच्याकडे आली नाही, आईही तिच्याकडे गेली नाही. तेरा वर्षं. चार दिवसांचं भांडण असतं तर पाचव्या दिवशी मिटलं असतं. हे मिटायला दोघींपैकी एकीला माघार घ्यावी लागणार होती, आणि आपापल्या मते दोघी खऱ्या होत्या. सहा वर्षांपूर्वी आई गेली. मावशी त्या दिवशी आली, कोपऱ्यात बसली, माझ्याशी दोन शब्द बोलली आणि गेली. पुढे मी कधीमधी फोन करायचो, तब्येत विचारायचो, ती बरी आहे म्हणायची.

बुधवारी मी कागद घेऊन आताच्या साहेबांकडे गेलो. हे माझ्याहून लहान आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, जुनी यंत्रणा शुक्रवारी बंदच होतेय ना? मी हो म्हटलं. मग झालं तर, ते म्हणाले, उगाच त्यात हात घालू नका, आणि ह्या रेकॉर्डमधल्या बाई कोण म्हणालात? मी सगळं लेखी दिलं. त्यावर आवक विभागाचा शिक्का बसला. घरी बायकोला सांगितलं. तिने मावशीला आमच्या लग्नानंतर फक्त दोनदा पाहिलंय. ती म्हणाली, "सांगणार असशील तर तिच्यासाठी सांग. तुझ्यासाठीच सांगायचं असेल तर मला सांगितलंस, संपलं." मी म्हटलं, तिच्यासाठीच. शनिवारी सकाळी निघालो तेव्हा मला असं वाटत होतं की मी काहीतरी परत द्यायला चाललोय. उशिरा का होईना, तिचं तिला. बसमध्ये मी मनाशी तिचा चेहराही रंगवला, आधी राग, मग सुटका. मला दोन्ही चाललं असतं.

मावशी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दार उघडून तिने मला आत घेतलं, दाराला कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, आणि मग दाराशेजारी खिळ्याला दोरीने लटकवलेल्या वहीत काहीतरी लिहिलं. ती चहा ठेवायला गेली तेव्हा मी ती वही पाहिली. 'सात वाजून दहा, गॅस बंद केला.' 'साडेआठ, गोळी घेतली, पांढरी.' 'नऊ चाळीस, नळ बंद.' प्रत्येक ओळीपुढे तिची सही. पानामागून पानं. अशा वह्यांचा गठ्ठा खाली कपाटाच्या तळाशी रचलेला होता. मी विचारलं, हे काय गं? ती कप ठेवत म्हणाली, "राहून जातं रे माझ्याकडून. केलं असं वाटतं आणि केलेलं नसतं. मग लिहून ठेवते, म्हणजे पुरावा राहतो." तिने ते हसत सांगितलं. मी तिच्या हातांकडे बघत राहिलो, हे तेच हात होते ज्यांनी सव्वीस वर्षांत एक फाईल उलटी लावलेली कुणी पाहिली नव्हती.

मी तिला सांगितलं. कागद टेबलावर पसरला आणि बोट ठेवून, तिला पूर्वी समजावलं होतं तसं सांगितलं. तिने चष्मा लावला. तिला सगळं आठवत होतं, 'एक बरोबर एक'सुद्धा. मध्ये एकदाच तिने विचारलं, किती अक्षरं मावतात म्हणालास? मी म्हटलं, चार हजार. आणि माझी किती? चार हजार एकतीस. ती स्वतःशी म्हणाली, एकतीस. मग मी तीन ओळींचं सांगितलं, तात्पुरत्याचं सांगितलं, 'सर्व'चं सांगितलं, आणि न छापण्याचंही सांगितलं, काही हातचं न राखता. तिने चष्मा काढला.

"म्हणजे मी खूण केली होती."

"केली होती, मावशी."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी पुन्हा पुन्हा वाजवत होतं. मी वाट बघत होतो, रागाची किंवा सुटकेची, जे येईल त्याची. ती म्हणाली, "पहिली चार-पाच वर्षं मला खात्री होती. माझा हात मला डोळ्यांसमोर दिसायचा, खूण करताना. मग हळूहळू दिसेनासा झाला. म्हटलं सगळे म्हणतात, तू तपासलंयस, तुझी आई म्हणते, म्हणजे मीच विसरले असेन. आणि एकदा ते धरलं की मग सगळंच सुटत गेलं बघ हातातून. गॅस, कुलूप, सगळं." मी काहीतरी म्हणायला गेलो, तिने हाताने थांबवलं. तिचा आवाज बदलला होता, आणि त्यात राग होता, पण तो माझ्यावरचा वाटत नव्हता.

"तुझ्या आईच्या आजारपणात मी आले होते. तू कामावर होतास. ती जायच्या आठ दिवस आधी."

मला हे माहीत नव्हतं. आईने कधी सांगितलं नाही, किंवा सांगायला ती तितकी शुद्धीवर नव्हती.

"तिच्या उशाशी बसले. तिला म्हटलं, ताई, माझीच चूक होती गं. राहिली माझ्याकडून खूण. उगाच मी तुझ्या मुलाला खोटं ठरवलं, तेरा वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही, मला माफ कर." ती थांबली. "मनापासून म्हटलं रे मी. तिचं समाधान व्हावं म्हणून नव्हे. मला तोवर ते खरंच वाटायला लागलं होतं."

"मग आई काय म्हणाली?"

"म्हणाली, केलं माफ. माझा हात धरला आणि म्हणाली, बरं झालं तू बोललीस, मी जायच्या आधी."

मी मान खाली घालून बसलो. क्षमा मागण्याची जी वाक्यं मी बसमध्ये जुळवली होती त्यातलं एकही तोंडातून निघेना, आणि निघालं असतं तरी ते मी कुणाच्या नावाने मागणार होतो? आईने आपल्या बहिणीला माफ केलं होतं, आणि त्यात माफ करण्यासारखं काही नव्हतं. मावशीने माफी मागितली होती, आणि ती मागायला हवी होती मी, त्याच खोलीत, त्याच उशाशी, त्या दोघींकडे. त्या दिवशी मी कामावर होतो. काय करत होतो तेही आठवत नाही.

चहा तसाच होता. मावशीने छापलेला कागद उचलला, जिथे वाक्य संपतं त्या जागेवर अंगठा फिरवला आणि त्याची घडी घालून आपल्या मांडीवर ठेवला. मी विचारलं, मी थांबू का आज? रात्री राहतो हवं तर. ती नको म्हणाली. रागाने नव्हे, एखादं काम हातात असताना म्हणतात तसं.

"तू जा आता," ती म्हणाली. "मला ताईशी बोलायचंय."